बायफोल्ड दरवाजाचं माप: आधी पल्ला ठरवा, मग भिंतीत जागा सोडा

वाढीव खोलीचं काम प्लिंथच्या वर आलं की गवंडी विचारतो, "दरवाजाला किती सोडू?" आणि मालक सांगतो, "सोडा दहा फूट." साताऱ्यात शाहूपुरीला काय किंवा सांगलीत विश्रामबागला काय, बायफोल्डचं निम्मं दुखणं या एका उत्तरातून सुरू होतं. साध्या स्लायडिंगला दहा फूट छान चालतात. घडीच्या दरवाजाला मात्र हे जवळपास सगळ्यांत अडचणीचं माप आहे. ते का, हे कळायला हिशोब पल्ल्यापासून मांडावा लागतो, भिंतीपासून नव्हे.

बायफोल्ड म्हणजे एकमेकांना बिजागरीनं जोडलेले तीन ते सात पल्ले. टोकाचा पल्ला चौकटीला अडकवलेला असतो. बाकीचे ट्रॅकमधल्या चाकांवर सरकत जातात आणि घडी होऊन बाजूला उभे राहतात. दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमध्ये निम्मी जागा कायम काचेनं अडलेली असते, इथं जवळजवळ सगळी मोकळी होते. जास्तीचे पैसे त्याचेच. म्हणून जागा आठ फुटांपेक्षा कमी असेल तर बायफोल्डच्या नादी लागूच नये. तिथं दोन झडपांचा काचेचा दरवाजा स्वस्त पडतो, पावसात घट्ट बसतो आणि पुढं कधी बिजागरी गेलीच तर ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

पल्ला किती रुंद

पल्ला ७०० ते ९०० मिमी रुंद असला की दरवाजा हलका चालतो. त्यापेक्षा रुंद केला की बिजागरीवर दुहेरी ताण येतो: पल्ल्याचं वजन वाढतं आणि ते वजन बिजागरीपासून लांबही जातं. हजाराच्या पुढं तर बहुतेक हार्डवेअरवाले स्वतःच नको म्हणतात. उलट ६०० च्या खाली गेलं तर काच कमी आणि ॲल्युमिनियम जास्त दिसतं, कारण प्रत्येक सांध्यावर दोन पल्ल्यांच्या दोन उभ्या पट्ट्या शेजारी येतात. पैसेही पल्ल्यांच्या संख्येनुसार वाढतात, कारण चाकं, बिजागऱ्या आणि रबर प्रत्येक पल्ल्याला लागतात.

भागाकार सोपा आहे. भिंतीत सोडलेल्या जागेतून दोन्ही बाजूंची फट आणि चौकटीच्या उभ्या पट्ट्या मिळून साधारण १२० मिमी वजा करा आणि उरलेलं पल्ल्यांच्या संख्येनं भागा. सेक्शन (ॲल्युमिनियमच्या पट्टीचा प्रकार) बदलला की हा आकडा थोडा बदलतो, पण नकाशावर ठरवायला पुरतो.

आठ फूट म्हणजे २४३८ मिमी. तीन पल्ले केले तर प्रत्येकी ७७० च्या आसपास येतात, उत्तम. नऊ फूट, २७४३: तीन पल्ले, ८७५ चे. हेही चांगलं. आता दहा फूट, ३०४८: तीन केले तर ९७५ चा जड पल्ला, चार केले तर ७३० चा. त्यातला एक रोज येण्याजाण्याला ठेवला तर चौकटीची जाडी आणि हँडल जाऊन जेमतेम दोन फुटांची वाट उरते. ताट घेऊन जाणाऱ्याचं कोपर घासणार. अकरा फुटांना, म्हणजे ३३५३ ला, चार पल्ले ८०० च्या थोडे वर येतात. बारा फुटांना चार केले तर ८८५, पाच केले तर ७०८. चौदा फूट, ४२६७, हे पाच पल्ल्यांचं अगदी जमलेलं माप: ८३० च्या आसपास. सोळा फुटांना पाचऐवजी सहा करा, पल्ला ७९० चा होतो.

दहा फुटांची जागा डोक्यात असेल तर ती नऊ किंवा अकरा करा. वीटकाम झालेलं नसेल तर यात खर्च काहीच नाही.

रोजचा पल्ला कुठला

अख्खा दरवाजा उघडायचे प्रसंग वर्षातून मोजकेच येतात: घरचं कार्य, दिवाळी, पाहुणे जमलेला एखादा रविवार. एरवी कपडे वाळत घालायला, तुळशीला पाणी घालायला एक पल्ला उघडून जायचं असतं. त्यामुळे पल्ल्यांची संख्या ठरवताना रोजचा पल्ला आधी बघावा.

सगळे पल्ले एकाच बाजूला घडी होत असतील आणि त्यांची संख्या सम असेल (चार, सहा), तर शेवटच्या पल्ल्याचं मोकळं टोक चाकावर असतं. तो साध्या दारासारखा उघडत नाही, बाहेर जायला जोडी सरकवावीच लागते. संख्या विषम असेल (तीन, पाच), तर शेवटचा पल्ला शेजारच्या पल्ल्याला बिजागरीवर लटकतो आणि दारासारखा उघडतो. सोय झाली, पण त्या दाराचा रोजचा धक्का एका सरकत्या पल्ल्याला बसतो.

तिसरी रचना या दोन्हींपेक्षा बरी: एक पल्ला एका बाजूच्या चौकटीला स्वतंत्र, बाकीचे दुसऱ्या बाजूला घडी. म्हणजे तीनचे दोन अधिक एक, चारचे तीन अधिक एक, पाचचे चार अधिक एक. रोजचा पल्ला थेट भिंतीत घट्ट बसवलेल्या चौकटीवर चालतो, वर्षानुवर्षं खाली झुकत नाही. घरात आजी-आजोबा असतील, पुढं चाकाची खुर्ची लागू शकते असं वाटत असेल, तर हा एक पल्ला ९०० चा करून घ्या आणि बाकीचे थोडे अरुंद ठेवा. सगळे पल्ले सारखेच हवेत असा नियम नाही. फक्त घडी होणाऱ्या जोड्या आपसात सारख्या लागतात.

घडी झालेले पल्लेही जागा खातात. बहुतेक सेक्शनमध्ये पल्ल्याची जाडी ७० मिमीच्या आसपास असते. पाच पल्ले एकावर एक आले की हँडल आणि फटी धरून ४०० ते ४५० मिमी जातात. चौदा फुटांच्या दरवाजात खरी मोकळी वाट साधारण बारा फुटांची, हे आधीच लक्षात असू द्या. ही घडी बाहेर उघडली तर पल्ल्याच्या रुंदीइतकी, म्हणजे पावणेतीन फूट, पडवीत येते. तिथं खांब, पायरी, झोपाळ्याची कडी किंवा नळ आहे का ते नकाशावरच बघा. आत उघडली तर पडद्याचा रॉड आणि सोफा आड येतात. आपल्याकडच्या पावसाला बाहेर उघडणारा बरा, कारण वाऱ्याचा दाब पल्ल्याला चौकटीच्या रबरावर आणखी घट्ट बसवतो. आत उघडणाऱ्याला तोच वारा रबरापासून सोडवत असतो.

उंची ठरवते वरची बीम

जुन्या घरात लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी पट्टी, सात फुटांवर असते. वाढीव खोलीत दरवाजा आठ फूट उंच करायचा मोह होतो, आणि होऊ द्यावा, छान दिसतो. फक्त बीमचा हिशोब करून. फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंत दहा फूट, म्हणजे ३०४८ मिमी असतील, बीम स्लॅबखाली १० इंच उतरत असेल आणि तिला प्लास्टर होणार असेल, तर खाली सुमारे २७८० मिमी उरतात. आठ फुटी, म्हणजे २४३८ चा दरवाजा बसून वर भरपूर जागा राहते. ही उंची तयार फरशीपासूनची. कोबा आणि फरशी मिळून ७० ते ८० मिमी चढतात. फरशीच्या आधी माप घेतलं आणि ते वजा करायचं राहिलं, तर दरवाजा तीन इंच उंच बनून येतो.

पण खरा प्रश्न उंचीचा नाही, बीमच्या झोलाचा आहे. काँक्रीटची बीम भार आल्यावर मध्यात थोडी खाली येते आणि पुढं कित्येक महिने सावकाश येतच राहते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात भिंती आणि फिनिशिंग झाल्यानंतरच्या झोलाला गाळ्याच्या (बीमच्या दोन आधारांमधल्या अंतराच्या) ३५० व्या भागापर्यंत किंवा २० मिमीपर्यंत, यातलं जे कमी असेल तितकी मुभा आहे. चौदा फुटांना हे १२ मिमी होतात. म्हणजे इंजिनिअरनं नियमानुसार बरोबर बीम दिली तरी ती दरवाजा बसल्यावर १२ मिमी खाली येऊ शकते, आणि भिंतीला त्यानं काही होत नाही. वरच्या ट्रॅकला टांगलेल्या बायफोल्डला मात्र होतं. चाकांना दोन-चार मिमीची ॲडजस्टमेंट असते, त्यापुढं मधले पल्ले खालच्या ट्रॅकवर टेकतात.

लक्षण ओळखायला सोपं आहे. दरवाजा नवा असताना मऊ चालतो, सहा-आठ महिन्यांनी मध्यात ओढायला लागतो, लॉकची पिन भोकात बसत नाही, खांद्यानं जरा ढकलावं लागतं. लोक पावसाला किंवा फॅब्रिकेटरला दोष देतात. वरच्या ट्रॅकच्या दोन्ही टोकांना खालून सारख्या जाडीचे दोन तुकडे लावा आणि त्यांच्यावरून बारीक दोरी ताणून बघा. मध्यात ट्रॅक आणि दोरी यांच्यातली फट टोकांपेक्षा कमी भरली तर बीम खाली आलेली आहे, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू पिळून तात्पुरतंच भागणार आहे.

उपाय आधी करायचा असतो. इंजिनिअरला सांगा की या बीमवर घडीचा दरवाजा येणार आहे आणि दरवाजा बसल्यानंतरचा झोल ५ मिमीच्या आत हवा. तो बीम खोल करेल किंवा सळई वाढवेल. चौदा फुटांना सव्वा फूट खोलीची बीम फार वाटते, पण गाळ्याचा बारावा भाग इतकी खोली म्हणजे चैन नव्हे. गंमत अशी, की दरवाजाच्या वजनाला उगीच घाबरलं जातं. पाच पल्ल्यांचा काचेचा दरवाजा तीनशे किलोच्या आसपास भरतो. ती बीम, २३० बाय ३८० ची, स्वतःच नऊशे किलोंच्या वर असते, शिवाय स्लॅब आहेच. झोल आणतात ते स्लॅब, त्यावरचा कोबा, पॅरापेट आणि पुढं ठेवलेली पाण्याची टाकी. म्हणून हे सगळं वर चढू द्या, मग दरवाजाचं माप घ्या. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू किमान १४ दिवस ठेवायचे असतात, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर आणखी काही दिवस. टेकू असतानाच माप घेऊन ऑर्डर देणं ही घाई महागात पडते.

बीमची खात्री नसेल, जुनीच असेल, तर खालून चालणारी पद्धत घ्या. त्यात पल्ल्यांचं वजन खालच्या ट्रॅकवर असतं आणि वरचा ट्रॅक फक्त दिशा देतो. तोटा धुळीचा. सांगलीत कारखान्यांच्या गळीत हंगामात उडून येणारी काळी राख आणि उन्हाळ्यातली माती खालच्या ट्रॅकमध्ये बसते, चाकं दळत चालतात. नदीकाठच्या ज्या भागांत २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी शिरलं, तिथं तर बेअरिंग जमिनीजवळ ठेवूच नयेत. तिथं वरून टांगलेलाच दरवाजा घ्या आणि बीम तशी करून घ्या.

साताऱ्यात पेठांमधल्या जुन्या घरांचा प्रकार वेगळा. दीड-दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत फोडून बारा फुटांची वाट करणं हे गवंड्याच्या अंदाजावर सोडायचं काम नाही. आधी वरचा भार टेकूंवर घ्यायचा, मग लोखंडी गर्डर टप्प्याटप्प्यानं घालायचे. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कागदाशिवाय पहारसुद्धा लावू देऊ नका.

काळी जमीन आणि जोड

कृष्णाकाठच्या काळ्या मातीला पावसाळ्यात फुगायची आणि उन्हाळ्यात भेगाळायची सवय. जुनं घर बसून स्थिरावलेलं असतं, नवी खोली अजून हालणार असते. दरवाजाची एक बाजू जुन्या भिंतीला आणि दुसरी नव्या खांबाला लावली तर दोन-तीन पावसाळ्यांत चौकट तिरकी होणारच. नव्या खोलीचा पाया मुरूम लागेपर्यंत न्या, प्लिंथ बीमनं बांधून घ्या, जुन्या-नव्याच्या मध्ये इंचभर जॉइंट ठेवा आणि अख्खा दरवाजा जॉइंटच्या एकाच बाजूला येईल असा सरकवा. त्यासाठी जुन्या भिंतीलगत नऊ इंचांचा नवा काँक्रीटचा खांब घ्यावा लागला तर घ्या. त्यानं रुंदी कमी झाली तर पुन्हा वरच्या भागाकाराकडं जा.

काच

काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो. ८३० रुंद आणि २३०० उंच पल्ल्यात काच दीड चौरस मीटरच्या आसपास बसते. ८ मिमीची एकेरी टफन्ड (तापवून कडक केलेली) घेतली तर ३० किलो, सहा-सहा मिमीची दुहेरी घेतली तर ४५. ॲल्युमिनियमचे दहा-पंधरा किलो वेगळे. खोलीत एसी असेल किंवा समोर हायवे असेल तर दुहेरी काचेचा उपयोग आहे. दारं-खिडक्या उघड्या टाकून बसायच्या खोलीत तिचा फारसा फायदा नाही, तिथं एकेरी घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या हार्डवेअरला लावा. साध्या, टफन न केलेल्या काचेला मात्र पूर्ण उंचीच्या दरवाजात जागा नाही. आणि टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं तर ती काच गेली.

पश्चिमेकडं तोंड असलेल्या दरवाजाला एप्रिल-मेची दुपार छज्जा अडवत नाही, ऊन आडवंच येतं. तिथं रुंदीचा हव्यास कमी करून चौदाऐवजी अकरा फूट केले तरी खोली राहण्यासारखी राहते.

माप घेताना

साइटवर फूट, इंच आणि सूत चालतं, कारखान्यात मिलिमीटर. एक सूत ३ मिमीहून थोडं जास्त. दोन सुतांची चूक गवंड्याला चूक वाटत नाही, बायफोल्डच्या चौकटीला ती मोठी असते. म्हणून शेवटचं माप फॅब्रिकेटरनंच घ्यावं, मिलिमीटरमध्ये, आणि प्लास्टर व ग्रॅनाइटची पट्टी झाल्यावर. विटेच्या तोंडापासून ग्रॅनाइटच्या तोंडापर्यंत प्रत्येक बाजूला ३५ ते ४० मिमी जातात. बारा फुटांची जागा तिथं ३५८० च्या आसपास उरते.

रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. उंची डावीकडं, मध्ये आणि उजवीकडं. दोन्हींत सगळ्यांत लहान आकडा धरा. दोन्ही कर्ण मोजा, त्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जागा काटकोनात नाही, आधी ती दुरुस्त करा. ओळंबा दोन्ही बाजूंना आत-बाहेर आणि डावा-उजवा असा दोन्ही दिशांनी लावा. बाजू एकमेकींशी पिळल्या असतील तर पल्ले घडीला एकावर एक सपाट बसत नाहीत, आणि हा पीळ टेपला कळत नाही. तळाची पातळी पाण्याच्या नळीनं बघा, पूर्ण लांबीत २ मिमीच्या आत हवी.

मिळालेल्या सगळ्यांत लहान मापातून दोन्ही बाजूंना १० मिमी सोडून चौकट बनवायची. हे १० मिमी उगीच नसतात. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि एप्रिलच्या उन्हात गडद रंगाची चौकट ६० अंशांपर्यंत तापली, तर चार मीटर लांबीचं ॲल्युमिनियम साडेचार मिमीच्या आसपास वाढतं. ही फट फोम आणि सिलिकॉननं भरायची. गवंड्यानं प्रेमानं सिमेंट ठासलं तर वाढायला जागा राहत नाही, ट्रॅक मध्यात फुगतो, आणि ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं ते वेगळंच. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) असेल तर साधे फास्टनर धरत नाहीत. बिजागरीच्या बाजूला काँक्रीटचा खांब असलेला बरा.

उंबरठा, जाळी, ग्रील

सपाट, पायाला न लागणारा उंबरठा सगळ्यांना हवा असतो. पश्चिमेला, छज्जा नसताना, साताऱ्याच्या जुलैतल्या पावसात तो पाणी आत घेतो. एक तर वर खोल छज्जा हवा, किंवा दीड-दोन इंच उठलेला उंबरठा हवा. सपाटच हवा असेल तर ट्रॅकच्या बाहेर लगेच जाळीदार नाली घ्या आणि पडवीला बाहेरच्या बाजूला उतार द्या: चार फुटांना पाच सूत. खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं असतात. फरशीवाला ग्राउट भरताना ती हमखास बुजवतो, तो दिवस साइटवर उभं राहण्याचा आहे.

मच्छरजाळी प्लीटेडच (चुण्यांनी मिटणारी) लागते, आणि दरवाजा बाहेर उघडत असेल तर ती आतून बसते. तिच्या ट्रॅकसाठी चौकटीच्या आत दीड-दोन इंच जागा लागते. नंतर आठवण झाली तर ती फरशीवर चढवून बसवावी लागते आणि रोज पायाला लागते. बाहेर उघडणाऱ्या दरवाजाला बाहेरून घट्ट बसणारं ग्रील लावता येत नाही. आतून कोलॅप्सिबल लावलं तर उघडी वाट आणखी कमी होते. चोरीची धास्ती असेल तर दोन थर चिकटवलेली लॅमिनेटेड टफन्ड काच आणि वर-खाली पिन जाणारं लॉक घ्या. पाच-पाच मिमीच्या थरांची अशी काच चौरस मीटरला सुमारे २७ किलो भरते, ते हार्डवेअरवाल्याला आधी सांगा.

ऑर्डरच्या कागदावर केवळ "१४ बाय ८ बायफोल्ड" असं लिहून सही करू नका. जागेचं माप आणि चौकटीचं माप वेगवेगळं लिहून घ्या, पल्ल्यांची संख्या आणि प्रत्येकाची रुंदी, वरून टांगलेला की खालून चालणारा, आत उघडतो की बाहेर, काचेचा प्रकार आणि जाडी, एका पल्ल्याचं वजन आणि त्या चाकांची क्षमता. शिवाय डावं-उजवं. चित्रावर "बाहेरून पाहताना" असं ठळक लिहा. फॅब्रिकेटर बाहेर उभा राहून बोलतो, घरची मंडळी आतून बघत असतात, आणि रोजचा पल्ला स्वयंपाकघराच्या बाजूला यायचा तो पार दुसऱ्या टोकाला बसलेला सापडतो.